ईशाचं वजन, माझी शुगर

माझी चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा होईन. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाची रांग लागली होती. ईशाला, माझ्या मुलीला, वाढणाऱ्या काकूंनी दोन मोदक वाढले. ती तेव्हा हायस्कूलमध्ये होती. मी तिच्या मागेच उभा होतो. "एक पुरे," असं म्हणून मी तिच्या ताटातला एक मोदक उचलला आणि माझ्या ताटात ठेवला. रांगेतले लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "बाबा फारच स्ट्रिक्ट हं!" मला ते कौतुक वाटलं. तो मोदक मी वरून तूप घेऊन खाल्ला.

ईशा ताट घेऊन निघाली. टेबलाच्या टोकाला जाऊन बसली, वरणभात खाल्ला आणि उरलेला मोदक तसाच ठेवून उठली. त्यानंतर ती मंडळाच्या गणपतीला कधी आली नाही. दरवर्षी काहीतरी निघायचं. परीक्षा, प्रोजेक्ट, मैत्रिणीचा वाढदिवस. आता ती पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आम्ही दोघं न्यू जर्सीत, पिस्कॅटवेच्या त्याच घरात. देशाची दोन टोकं.

ज्यांना नुकतीच शुगर निघाली आहे त्यांना काही उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो आहे. पण माझ्या आजाराची गोष्ट मला त्या ताटापासूनच सांगता येते, दुसरीकडून सुरुवातच होत नाही.

काडी

मी पहिल्यापासून बारीक. लग्नात घातलेला सूट मला परवापर्यंत होत होता आणि हे मी पाहुण्यांना मुद्दाम सांगायचो. जळगावचे मित्र मला काडी म्हणत. "आमच्या घराण्यात कुणाला शुगर नाही" हे माझं ठरलेलं वाक्य. खरं तर आमच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात रक्त तपासून घेतलं नव्हतं. न तपासलेल्या गोष्टीचा अभिमान बाळगणं सोपं असतं.

ईशा मात्र लहानपणापासून अंगाने भरलेली. प्राथमिक शाळा संपेपर्यंत तिचं वजन चांगलंच वाढलं होतं. मंडळात भेटणाऱ्या मावश्या गालाला हात लावून म्हणायच्या, "तब्येत छान सुधारली गं!" परतताना गाडीत तिने एकदा विचारलं, "बाबा, आय वॉज सिक?" आम्ही दोघं हसलो. वर्षाने, माझ्या बायकोने, समजावून सांगितलं तेव्हा ईशा खिडकीबाहेर बघत राहिली.

मग मी ते काम हातात घेतलं. ज्यूस बंद. रविवारी सकाळी माझ्याबरोबर चालायला यायचं. सोळाव्या वाढदिवसाला मी तिला जिमची मेंबरशिप दिली, वर लाल रिबन बांधून. वर्षा मला एकदा म्हणाली, "अरे, ती आपल्यापेक्षा कमी खाते. मी वाढते ना, मला दिसतं."

"मग वाढतं कसं?"

"मला काय माहीत! पण तू तिच्या तोंडाकडे बघत जेवू नकोस. घास अडकतो तिचा."

कॉलेजात असताना तिची पाळी अनियमित झाली. डॉक्टरांनी पीसीओएस सांगितलं, हॉर्मोन्सचा घोळ आहे म्हणाले. ते ऐकून मी तिला फोनवर पहिलं वाक्य काय बोललो? "म्हणजे वजन कमी केलं की झालं ना?" ती म्हणाली, "ओके बाबा." तिच्या ओके बाबाचा अर्थ मला फार उशिरा कळला.

नो, आय ॲम थिन

गेल्या वसंतात नवे बूट घालून मी कालव्याकाठच्या वाटेवर लांब चालून आलो. उजव्या अंगठ्याशी फोड आला. फोडाला कोण विचारतं! मी त्यावर पट्टी लावली आणि ऑफिसला जात राहिलो. अंगठा लाल झाला, मग पाऊल सुजलं आणि एका दुपारी मीटिंगमध्ये अंगात हुडहुडी भरली. वर्षा मला अर्जंट केअरमध्ये, तातडीच्या दवाखान्यात, घेऊन गेली.

तिथल्या नर्स मुलीने पाय पाहिला आणि बोटातून रक्ताचा थेंब घेतला. मशीनकडे पाहून तिने दुसऱ्या बोटातून पुन्हा घेतला.

"यू आर डायबेटिक, राइट?"

"नो, नो," मी म्हणालो, "आय ॲम थिन."

ती हसली नाही. वर्षाने माझ्या दंडावर हात ठेवला. मला आठवतं, तेव्हा माझ्या मनात भीती नव्हती. लाज होती. कुणीतरी मला चोरी करताना पकडलं आहे अशी. मी भराभर सांगायला लागलो की मी सोडा पीत नाही, मिठाई क्वचित खातो, रोज चालतो. ती मुलगी शांतपणे म्हणाली की तुम्हाला आजच हॉस्पिटलमध्ये दाखल व्हावं लागेल. म्हणजे माझं चांगलं वागणं तिने विचारलंच नव्हतं, मीच सांगत सुटलो होतो.

पेनाची रेघ

हॉस्पिटलमध्ये पहिल्याच दिवशी सर्जनने माझ्या पावलावरच्या लालीभोवती पेनाने रेघ ओढली. लाली रेघेच्या आत राहिली तर औषध लागू पडतंय, बाहेर गेली तर अंगठा काढायचा विचार करावा लागेल. एवढं बोलून तो गेला. मी एका डिझाइनच्या कंपनीत आयुष्यभर ड्रॉइंगवरच्या रेघा तपासत आलो, पण इतकं लक्ष देऊन कुठलीही रेघ पाहिली नव्हती. जाग आली की आधी पाय बघायचो. वर्षा पायावर पांघरूण ओढायची. "सारखं बघून लाली आत राहणार आहे का?"

सलाइनमधून अँटिबायोटिक, पोटावर इन्सुलिन, जेवणाआधी बोट टोचणं. बोटाच्या टोकावर टोचू नका, कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. हे मला केरळच्या एका नर्सने शिकवलं. ती माझ्याच वयाची असेल, तरी मला अंकल म्हणायची. थंडी वाजते म्हटलं की ती गरम केलेलं ब्लँकेट आणून पायाला धक्का न लावता अंगावर घालायची. त्या ब्लँकेटच्या उबेत मी लहान मुलासारखा पडून राहायचो आणि मला जळगावच्या आमच्या गच्चीची आठवण यायची, उन्हात तापलेल्या गाद्यांची. इतक्या वर्षांत ती आठवण कधी आली नव्हती.

वर्षाला मी बजावलं होतं की मंडळात फक्त इन्फेक्शन म्हणून सांग. पण मंडळातले जोशीकाका भेटायला आले तेव्हा माझ्या जेवणाच्या ट्रेवरचं डायबेटिक आहाराचं कार्ड त्यांनी वाचलं. "शुगर? तुला? अरे, तू तर काडी!" मग बरोबरच्या दोघांकडे वळून डोळे मिचकावत म्हणाले, "गुपचूप श्रीखंड हाणत असणार बेटा!" सगळे हसले. काका मनाने चांगले आहेत, घरून मुगाचं कढण घेऊन आले होते. मीही हसलो. ते गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडलो. वर्षाने विचारलं, "दुखतंय?" मी हो म्हणालो.

ईशाचा फोन रोज यायचा, पण वर्षाच्या फोनवर. वर्षा तो मुद्दाम स्पीकरवर ठेवायची.

"इज ही ईटिंग?"

"तूच विचार ना त्याला."

"नो, यू टेल मी. रेडनेस कमी आहे का?"

मी डोळे मिटून झोपलेला असल्यासारखा राहायचो. मी जागा आहे असं कळलं तर ती फोन आवरता घेईल असं वाटायचं. आवाज जाड झाला होता तिचा, मोठ्या बाईसारखा. "रेडनेस कमी आहे का" हे चार शब्द मी दिवसभर पुरवायचो. एकदा ती हसली, कशावर ते कळलं नाही, आणि मला वाटलं, ही बाई माझी मुलगी आहे आणि तिला काय हसवतं ते मला ठाऊक नाही.

लाली रेघेच्या आतच राहिली. अंगठा राहिला.

डॉक्टरबाई

घरी आल्यावर मला हॉर्मोन्सच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरबाई वयस्कर आणि चांगल्या जाड होत्या. माझ्या मनात काय आलं तेही लिहून टाकतो. ही मला काय शिकवणार! पायाला बँडेज बांधून बसलेल्या माणसाच्या मनात हे आलं. बघा.

मी विचारलं, मी बारीक असून मला कशी झाली? त्यांनी सांगितलं की आपल्याकडच्या लोकांमध्ये चरबी वरून दिसत नाही, पोटाच्या आत साठते. अनुवंश आहे, बैठं काम आहे, झोप आहे. मग मी, का कोण जाणे, ईशाबद्दल विचारलं. एवढीशी मुलगी, कमी खाणारी, तिचं वजन का वाढत गेलं असेल?

त्या म्हणाल्या की वजन वाढण्यामागे पुष्कळ धागे असतात आणि त्यातल्या एका धाग्यावर आता बरंच संशोधन चाललं आहे. काही प्लॅस्टिकमधली, डब्यांच्या आतल्या अस्तरातली, न चिकटणाऱ्या भांड्यांच्या लेपातली, सुगंधी प्रसाधनांतली रसायनं शरीरात गेली की हॉर्मोन्सची नक्कल करतात किंवा त्यांच्या कामात अडथळा आणतात. चरबी किती साठवायची, भूक कधी लागायची, इन्सुलिनचं ऐकायचं की नाही, हे निरोप मग चुकीचे पोचू शकतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे दिसलं आहे. माणसांमध्ये संबंध दिसतो, पण अमक्याला तमक्यामुळेच झालं असं कुणी सांगू शकत नाही. लहान वयात परिणाम जास्त होत असावा असं वाटतं.

"तुमच्या मुलीचं मी काहीच सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचंही नाही. अन्न प्लॅस्टिकमध्ये गरम करू नका, काच किंवा स्टील वापरा. पण आधी गोळ्या, चालणं आणि पायांची काळजी."

"आणि विलपॉवर?" मी विचारलं.

"ती मोजायचं मशीन माझ्याकडे नाही. शुगर मोजायचं आहे."

दह्याचे डबे

आता आमच्या फ्रीझरबद्दल सांगतो. इथल्या बहुतेक मराठी घरांना ते ओळखीचं वाटेल.

माझी आई जळगावहून सहा महिन्यांसाठी यायची आणि जाताना पुढच्या सहा महिन्यांची सोय करून जायची. शेवभाजीचा काळा रस्सा, वांग्याचं भरीत, वरण, मुगाची आमटी. पहिल्या खेपेला तिने सामानात स्टीलचे डबे आणले होते, प्रत्येकावर वडिलांचं नाव कोरलेलं. मी म्हणालो, "आई, हे मायक्रोवेव्हमध्ये चालत नाहीत." आमच्याकडे दह्याच्या रिकाम्या डब्यांची चळत होती. टाकून द्यायचे जिवावर यायचं, म्हणून धुऊन ठेवलेले. मी ते तिच्यापुढे मांडले. तिने उकळता रस्सा ओतला की डबा मऊ होऊन पोट काढायचा.

"अरे, याला वास येतो बघ चटका बसला की."

"आई, इथे सगळं टेस्ट केलेलं असतं."

अमेरिकेवरचा माझा विश्वास दांडगा होता. आणि ते डबे दही विकण्यासाठी होते, उकळता रस्सा भरण्यासाठी किंवा वर्षानुवर्षं मायक्रोवेव्हमध्ये घालण्यासाठी नव्हते, हा साधा विचार मी इंजिनिअर असून केला नाही. स्टीलचे डबे आम्ही या घरात येताना देऊन टाकले. ईशा शाळेतून यायची, दह्याचा डबा फ्रीझरमधून काढायची, तसाच मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची आणि आजीचा रस्सा पोळीबरोबर खायची. रोज. आम्ही दोघं ऑफिसात. बाहेरचं खात नाही, घरचं खाते, याचा मला केवढा आनंद होता! ताटातला मोदक मी उचलला आणि ते डबे मात्र मीच आईपुढे मांडले.

डॉक्टरबाईंकडून आलो आणि आठवडाभर मी स्वयंपाकघर उपसत होतो. प्लॅस्टिकचे डबे, झाकणं, ओरखडे पडलेले तवे, सगळं गराजमध्ये. वर्षा कंटाळली. "आता गाळणी तरी ठेवशील का?" फ्रीझरच्या तळाशी एक डबा निघाला. आई वारली त्याला तीन वर्षं झाली. त्यावर चिकटपट्टी होती आणि तिच्या अक्षरात लिहिलं होतं, ईशा, कमी तिखट. बर्फाचा थर चढला होता. मी तो हातात घेऊन उभा राहिलो, बोटं बधिर होईपर्यंत.

"ठेवायचा ना?" वर्षाने विचारलं.

"ठेवू."

त्या डब्यांनी माझ्या मुलीचं काही बिघडवलं का, किती बिघडवलं, हे मला कधीच कळणार नाही. दुसऱ्या घरांतली पोरं त्याच डब्यांत जेवून सडसडीत राहिली. हे मी स्वतःला सांगतो आणि मला त्याने बरं वाटत नाही. वाईटही वाटत नाही. फक्त आईचा हात दिसतो, पळीभर वाफाळता रस्सा ओतणारा.

फोन

मग मी ईशाला फोन केला. मला वाटत होतं की मी तिच्यासाठी मोठी भेट घेऊन चाललो आहे. मी सगळं सांगितलं. रसायनं, हॉर्मोन्सची नक्कल, दह्याचे डबे. शेवटी म्हणालो, "म्हणजे बघ, तुझी चूक नव्हतीच. आता कळतंय मला."

तिच्याकडचा कीबोर्डचा आवाज थांबला.

"सो इट वॉज द योगर्ट टब्स."

"असू शकेल. नक्की सांगता येत नाही, पण..."

"आणि आता आजीला ब्लेम करतोयस."

"नाही गं, आजीला कसं..."

"बाबा, लिसन. समजा टब्स नसते. समजा आय जस्ट लाइक्ड फूड. मला भूक लागायची आणि मी खायचे. मग? देन यू वर राइट?"

मी पुन्हा डॉक्टरबाईंचं नाव काढलं.

"तुला रिसर्च सापडला म्हणून मी इनोसंट. नसता सापडला तर?" मग लगेच म्हणाली, "आय हॅव अ मीटिंग."

मी फोन ठेवला. वर्षा कांदा चिरत सगळं ऐकत होती. ती मान वर न करता म्हणाली, "माफी मागायला फोन केलास आणि पुरावा देऊन बसलास."

त्यानंतर ईशाचे फोन पुन्हा आईलाच. स्पीकरवर नाही. वर्षा फोन घेऊन वरच्या खोलीत जायची आणि मला जिन्यातून नुसता गुणगुणल्यासारखा आवाज यायचा.

त्या उन्हाळ्यात माझी शुगर हळूहळू खाली आली. गोळ्या, भात अर्धा, जेवल्यावर घराभोवती फेऱ्या, आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं. नव्याने शुगर निघालेल्यांना मी एवढंच सांगेन की पाय रोज बघा आणि कुणापुढे सफाई देत बसू नका. प्लॅस्टिक कमी करा, ते चांगलंच आहे. पण स्वयंपाकघर उपसून मन रिकामं होत नाही. संध्याकाळी फेऱ्या मारताना शेजारच्या पोरी अंगणात बास्केटबॉल खेळायच्या, त्यातली एक अंगाने भरलेली. तिचा बाप पायरीवर बसून तिच्या प्रत्येक चुकलेल्या बॉलला टाळ्या वाजवायचा. मी त्या कोपऱ्यावर रेंगाळायचो.

बेलव्ह्यू

सप्टेंबरात मी ईशाला मेसेज केला, येऊ का भेटायला? उत्तर आलं, आईला घेऊन ये. वर्षा म्हणाली, "मी नाही येत. मी आले की तुम्ही दोघं माझ्याशीच बोलाल."

विमानतळावर ती गाडीतून उतरली, मला जवळ घेतलं आणि लगेच मागे सरून म्हणाली, "बाबा, यू गॉट स्मॉल." तिचे केस आखूड झाले होते. पिवळा झगा घातला होता, बिनबाह्यांचा. बिनबाह्यांचं मी तिला कधी घालू दिलं नव्हतं.

घरी तिने बाहेरून मागवलेलं थाई जेवण प्लॅस्टिकच्या खोक्यासकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं आणि माझ्याकडे वळली.

"से इट."

"काय?"

"तुला म्हणायचंय. से इट."

"हो, म्हणायचंय," मी म्हणालो. "पण जेवण तुझं आहे."

ती थोडी हसली. बटण दाबलं. आम्ही जेवलो. मी माझ्या ताटाकडे बघत होतो, आणि आपण केवढी वर्षं दुसऱ्याच्याच ताटाकडे बघत होतो याचा अंदाज मला त्या जेवणात आला. मान अवघडून गेली.

दुसऱ्या दिवशी ती मला तळ्याकाठी फिरायला घेऊन गेली. थोड्या वेळाने माझा पाय ठणकायला लागला. मी तसाच चालत राहिलो, पण चाल बदलली असणार. तिने मला बाकावर बसवलं.

"शो मी द फूट."

"अगं, इथे? लोक आहेत."

"बाबा, शू काढ."

ती गवतावर बसली. तिने माझा मोजा काढला, पाऊल हातात घेतलं, अंगठा वळवून खालून पाहिला, बोटांच्या बेचक्या उघडून पाहिल्या. अंगठ्याचा रंग अजून काळपट आहे, नख वाकडं आलं आहे. मला तो पाय वर्षालासुद्धा दाखवायला नको वाटतो. शेजारून लोक जात होते. ती त्या पायाबद्दल एक शब्द बोलली नाही. हे असं का झालं, आधीच का नाही गेलास, नवे बूट कशाला घातलेस, काहीच नाही. "नो कट. यू आर फाइन," एवढंच म्हणून ती मोजा परत चढवायला लागली, टाच सरळ करून.

मी फोनवर बोललो होतो ते सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. डॉक्टरबाई, हॉर्मोन्स, आम्हाला कुठे माहीत होतं, माझ्या मनात वाईट नव्हतं. प्रत्येक वाक्यात एक पण होता. मी ते एकेक बाजूला ठेवत गेलो, आणि उरलं ते फारच थोडं होतं.

"ईशा," मी म्हणालो, "मंडळाच्या गणपतीत मी तुझ्या ताटातला मोदक उचलला आणि लोकांना हसवलं. नंतर घरातही तुझ्या प्रत्येक घासावर नजर ठेवली. तू जाड कशामुळे झालीस याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तू नुसती आवडीने खात असतीस तरी ते चूकच होतं. मी चुकलो. मला माफ कर."